रात्री वारंवार शुगर लो होते? आधी घड्याळ बघा

मध्यरात्री कधीतरी जाग येते. अंगावरचे कपडे घामाने चिंब, हात थरथरतायत, आपण कुठल्या खोलीत आहोत हे कळायलाही क्षणभर लागतं. मीटर दाखवतो ५२. अंधारात चाचपडत हाताला लागेल ते गोड खायचं, पुन्हा आडवं व्हायचं आणि सकाळी २६० बघून कपाळाला हात लावायचा. दोन-तीन रात्री बऱ्या जातात, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

मी इन्सुलिन घ्यायला लागून बावीस वर्षं झाली, त्यातले पाच महिने असेच गेले. प्रत्येक लो मी सावरली, पण ती किती वाजता आली हे एकदाही लिहून ठेवलं नाही. डॉक्टरांना मी एवढंच सांगायची, "काल रात्री परत लो झाली." त्यावर ते तरी काय करणार? डोस थोडा कमी व्हायचा, आठवड्याभरात साखर चढायची, डोस परत वाढायचा. प्रत्येक इन्सुलिनचं आणि प्रत्येक गोळीचं काम करण्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. लोची वेळ त्या वेळापत्रकाशेजारी ठेवली की कोणाकडे बोट दाखवायचं ते बऱ्याचदा कळतं. म्हणून या लेखात आकड्यांपेक्षा घड्याळावर भर आहे.

आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचा मीटर मिलिमोलमध्ये दाखवत असेल तर त्याच्या आकड्याला १८ ने गुणा. आणि हे लिखाण इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर रात्री अशी घसरणं क्वचितच घडतं. तसं होत असेल तर कारण वेगळं असू शकतं, तपासणी करून घ्या.

आत्ता, या क्षणी लो असेल तर

बाकीचं नंतर वाचा. ७० च्या खाली म्हणजे लो. ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला इंधन कमी पडायला लागलं आहे, तिथे चालढकल नाही. १५ ग्रॅम पटकन रक्तात उतरणारी साखर घ्यायची: ग्लुकोजच्या गोळ्या (एका गोळीत किती ग्रॅम ते पाकिटावर असतं, बऱ्याचदा ४), किंवा पाण्यात ढवळलेली चार सपाट चमचे साखर, किंवा अर्धा कप फळांचा रस. मग १५ मिनिटं थांबून पुन्हा बोट टोचायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. साखर वर आली आणि सकाळचं खाणं अजून बरेच तास लांब असेल, तर थोडं काहीतरी सावकाश पचणारं खाऊन झोपायचं.

सांगायला सोपं आहे. रात्री अडीच वाजता ती १५ मिनिटं तासासारखी वाटतात, कारण शरीर 'खा, खा' म्हणून ओरडत असतं. मी पंधरा ग्रॅमच्या जागी साठ-सत्तर ग्रॅम खायची, आणि सकाळचे ते २६० त्यातूनच यायचे. यावर एकच उपाय कामाला आला. मोजलेल्या १५ ग्रॅमच्या तीन पुड्या उशाशी ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात जायचंच नाही.

चॉकलेट, बिस्किटं, आइस्क्रीम ही पहिल्या मिनिटाची औषधं नव्हेत. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. अकार्बोज किंवा वोग्लिबोज घेणाऱ्यांसाठी आणखी एक अट आहे. या गोळ्या साध्या साखरेचं आतड्यात होणारं विघटन अडवतात, त्यामुळे त्यांनी ग्लुकोजच घ्यायचं. पंप आपोआप इन्सुलिन थांबवणारा असेल तर १५ ग्रॅमपेक्षा कमीही पुरतं, कारण यंत्राने अर्धं काम आधीच केलेलं असतं.

माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ना पाणी, ना साखर, ना मध. कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकागॉन (यकृतातली साखर रक्तात सोडायला लावणारं औषध) असेल तर द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची.

ही लो खरी आहे का?

सेन्सर, म्हणजे अंगावर चिकटवून सतत साखर मोजणारं यंत्र, लावणाऱ्यांनी हे आधी तपासावं. ज्या दंडावर सेन्सर आहे त्याच कुशीवर झोपलात तर दाबामुळे तिथलं द्रव हलतं आणि सेन्सर खोटी लो दाखवतो. आलेखात ती ओळखू येते: रेषा कड्यावरून पडावी तशी सरळ खाली येते आणि कूस बदलली की तितक्याच झपाट्याने वर जाते. खरी लो बहुतेक वेळा उतारावरून येते. शंका आली तर बोट टोचा. सेन्सर रक्तापेक्षा साधारण ५ ते १५ मिनिटं मागे चालतो हेही ध्यानात असू द्या. साखर खाल्ल्यावरही तो काही वेळ खालचाच आकडा दाखवत राहतो, आणि घाबरून माणूस दुसरी पुडी फोडतो.

मीटरही देव नाही. त्याच्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० च्या खाली १५ इकडे-तिकडे चालतं, म्हणजे मीटरवरचे ७० प्रत्यक्षात ५५ ही असू शकतात आणि ८५ ही. त्यातून बोटाला गोड लागलेलं असेल तर आकडा खोटाच वर दिसतो आणि खरी लो लपते. हात धुवायचे. धुणं शक्यच नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा.

आणि उलटही होतं: लो खरी असते पण जागच येत नाही. झोपेत ॲड्रिनॅलिनची प्रतिक्रिया मंदावते, त्यामुळे दिवसा धडधड होऊन जी लो कळते ती रात्री गुपचूप निघून जाते. मागे राहतात त्या खुणा. सकाळी जड डोकं, ओलसर उशी, विचित्र स्वप्नं, आठ तास झोपूनही न झोपल्यासारखं वाटणं. बहुतेकदा शेजारी झोपणाऱ्यालाच आधी कळतं. रात्री बडबडलीस, हाक मारली तर ओ दिली नाहीस, असं कोणी सांगितलं तर ते हसण्यावारी नेऊ नका.

वही कशी ठेवायची

दोन-तीन आठवडे, फार नाही. जेवण किती वाजता, त्यासाठी किती युनिट, कुठे टोचलं, संध्याकाळी व्यायाम झाला का, मद्य घेतलं का, झोपताना साखर किती, लो किती वाजता आणि किती. सेन्सर नसेल तर आठवड्यात दोन-तीन रात्री गजर लावून २ ते ३ च्या दरम्यान बोट टोचा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण टोचण्याची जागा लिहायचा रकाना मी केवळ कागद रिकामा दिसत होता म्हणून आखला होता, आणि अखेर तोच उपयोगी पडला. त्यावर पुढे येतेच.

झोपल्यावर दोन-तीन तासांतच लो

संशयित: जेवणाचं इन्सुलिन. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही जलद इन्सुलिनं टोचल्यावर एक-दोन तासांत जोरात असतात आणि त्यांचा अंमल चार-पाच तास पुरतो. जुनं रेग्युलर इन्सुलिन आणखी लांबतं, सहा ते आठ तासही.

इथली नेहमीची चूक म्हणजे डोसवर डोस. समजा नऊला जेवताना ८ युनिट घेतली. अकराला मीटर २३० दाखवतो. वैताग येतो, 'झोपायच्या आधी एकदा खाली आणू' म्हणून वर ४ युनिट टोचली जातात. पण नऊच्या डोसचा बराच भाग अजून शरीरात शिल्लक असतो. दोघे मिळून काम करतात आणि एक-दीडला ५८. वहीत 'अकराला जादा डोस' आणि 'एकला लो' अशी जोडी दोनदा दिसली तर आणखी शोधायची गरज नाही. झोपताना थोडी चढी साखर सहन करायला शिकावं लागतं. मला ते शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जेवणाचा डोस नेहमीचा, जेवण नेहमीचं आणि तरी जेवल्यावर लगेच लो, मग काही तासांनी साखर आभाळाला, असं असेल तर जठर सावकाश रिकामं होत असू शकतं. जुन्या मधुमेहात नसांना इजा झाल्याने हे होतं. इन्सुलिन वेळेवर पोचतं, अन्न उशिरा. यावर घरच्या घरी डोसशी खेळू नका, डॉक्टरांना हाच क्रम सांगा.

एक ते चारच्या दरम्यान लो

संध्याकाळी एनपीएच (मध्यम काळ चालणारं इन्सुलिन) किंवा दोन इन्सुलिनांचं तयार मिश्रण (३०/७० वगैरे) घेत असाल तर संशय तिथेच. एनपीएच साधारण ४ ते १० तासांत शिखरावर असतं. साडेआठला टोचलं की ते शिखर नेमकं ऐन मध्यरात्रीनंतर येतं, जेव्हा पोट रिकामं असतं आणि शरीराची इन्सुलिनची गरजही सर्वांत कमी असते. डोस बरोबर असूनही वेळ चुकीची असू शकते. एनपीएच जेवणाच्या वेळेऐवजी झोपताना घेतलं तर शिखर पहाटेकडे सरकतं, तिथे त्याची गरजही असते. मिश्रणात ही सोय नाही. त्यातले दोन भाग वेगळे करता येत नाहीत, म्हणून मध्यरात्रीच्या लो थांबत नसतील तर इन्सुलिनचा प्रकार बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं. माझ्या मते हा प्रश्न रुग्णाने स्वतःहून विचारावा, वाट बघू नये.

पहाटे चार ते सात

ही वेळ बोलकी आहे. पहाटे शरीरातली संप्रेरकं साखर वर ढकलत असतात. तरीही कोणी याच वेळी लो होत असेल, तर लांब चालणारं इन्सुलिन, म्हणजे बेसल, बहुधा जास्त झालंय.

पडताळून पाहता येतं. लवकर आणि हलकं जेवा, जेवणाच्या डोसला चार-पाच तास होऊन जाऊ द्या, त्यानंतर काही खाऊ नका, जादा डोस घेऊ नका. झोपताना, तीनला आणि उठल्यावर साखर बघा. बेसल बरोबर असेल तर रेघ साधारण सपाट राहते. झोपताना आणि सकाळ यांत ५० किंवा त्याहून जास्त घसरण होत असेल, आणि एकाहून जास्त रात्री, तर बेसल जेवणाचं काम करू लागलंय असं समजा. झोपताना साखर १२० च्या खाली असेल तर त्या रात्री हा प्रयोग करू नका, आणि मध्येच ७० च्या खाली गेलात तर प्रयोग संपला, साखर खा.

'रोज झोपताना काहीतरी खाऊनच झोपा' हा सल्ला सगळीकडे मिळतो. एखाद्या रात्रीसाठी ठीक आहे. मीही झोपताना १०० च्या खाली असेन तर खाल्ल्याशिवाय झोपत नाही. पण लो टाळण्यासाठी रोज रात्री खावंच लागत असेल तर तुम्ही इन्सुलिनच्या पोटासाठी जेवताय.

गोळ्यांच्या लोही पहाटे येतात, खासकरून जास्त वयात आणि मूत्रपिंडं मंदावली असतील तेव्हा. ग्लिबेनक्लामाइड यात कुप्रसिद्ध आहे, त्याचा अंमल लांबतो. अशी लो साखर खाऊन सावरली तरी काही तासांनी परत येऊ शकते, अगदी दुसऱ्या दिवशीही. म्हणून गोळीमुळे आलेली जोरदार लो घरात सांभाळत बसू नये, दवाखाना गाठावा.

मद्याचं गणितही याच वेळी उलगडतं. यकृत एरवी रात्रभर साखर बनवून रक्तात सोडत असतं. मद्य निपटायच्या कामाला लागलं की ते काम मागे पडतं. त्यामुळे पिताना साखर चढलेली दिसली तरी लो पहाटे किंवा थेट दुसऱ्या सकाळी येते. भरीत भर म्हणजे लोची लक्षणं नशेसारखीच दिसतात आणि अशा वेळी ग्लुकागॉनही पुरेसं चालत नाही, कारण ते यकृतातल्याच साठ्यावर अवलंबून असतं.

वेळच ठरलेली नसेल तर

माझ्या वहीत तेच निघालं. एकदा साडेबारा, एकदा पावणेतीन, एकदा पहाटे पाच. तीन आठवडे लिहून घड्याळाने काहीच सांगितलं नाही म्हणून मी वही फेकायच्या बेतात होते. डॉक्टरांनी ती पाहिली आणि म्हणाले, "डोस चुकला असता तर वेळ अशी भरकटली नसती. इन्सुलिन रक्तात पोचण्यातच गडबड आहे." मग टोचण्याच्या जागांचा रकाना पाहिला. लो आलेल्या सगळ्या रात्री मी मांडीवर टोचलं होतं, एरवी पोटावर. पोट दाबून पाहिलं तर बेंबीच्या दोन्ही बाजूंना मऊ, रबरी गाठी. वर्षानुवर्षं त्याच दोन जागा, तीच सुई चार-चारदा. गाठीत टोचलेलं इन्सुलिन अर्धवट आणि मनमानी पद्धतीने शोषलं जातं. म्हणून साखर चढलेली राहायची, म्हणून डोस वाढत गेला. आणि तोच वाढलेला डोस ज्या रात्री निरोगी मांडीत गेला, त्या रात्री पूर्णच्या पूर्ण लागू झाला.

गाठी डोळ्यांना फारशा दिसत नाहीत. साबणाचा हात फिरवून बोटांनी चाचपा. सापडल्या तर त्या जागा काही महिने सोडायच्या. पण एक जपायला हवं. निरोगी जागेवर जाताना डोस कमी करावा लागतो, किती ते डॉक्टरांनाच विचारा. नुसती जागा बदललीत आणि डोस तोच ठेवलात तर माझ्यासारखं होईल.

वेळ भरकटवणारी दुसरी गोष्ट व्यायाम. संध्याकाळी दमवणारा व्यायाम झाला की स्नायू रिकामे झालेले साठे रात्रभर भरत राहतात आणि इन्सुलिन जास्त जोमाने लागू पडतं, कधी कधी २४ तास किंवा त्याहूनही जास्त. लो व्यायामानंतर सहा तासांनीही येते आणि बारा तासांनीही. ती मोजकेच वार धरून येत असेल तर वहीत त्या दिवशीची संध्याकाळ बघा. त्या दिवशी जेवणाचा डोस कमी करणं, रात्रीचं बेसल सुमारे २० टक्क्यांनी उतरवणं किंवा व्यायामच सकाळी हलवणं असे पर्याय असतात. मला शेवटचा सगळ्यात सोपा गेला.

टोचल्यावर लगेच कडक गरम पाण्याने अंघोळ केली तरी इन्सुलिन लवकर शोषलं जातं. सुई स्नायूत गेली तरीही.

एकदाच, अचानक आणि भयानक लो आली असेल तर पेनची अदलाबदल आठवून बघा: रात्रीच्या बेसलची २४ युनिट जलद इन्सुलिनच्या पेनातून गेली तर. हे लक्षात येताक्षणी झोपायचं नाही, घरच्यांना उठवायचं, खायला सुरुवात करायची, सतत साखर बघायची आणि लगेच डॉक्टरांना किंवा आपत्कालीन सेवेला फोन करायचा. लाज वाटायचं कारण नाही, जुन्याजाणत्या रुग्णांकडूनही हे होतं. मी दोन पेन दोन खोल्यांत ठेवते. बाटली आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी शक्ती (एका मिलिलिटरमध्ये किती युनिट) जुळते का बघायचं. १०० शक्तीचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर खुणेवर दिसतात त्याच्या अडीचपट युनिट शरीरात जातात.

आणि काहीच बदललेलं नसताना लो सुरू झाल्या तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, इन्सुलिनचा बराच निचरा तिथे होतो. वजन उतरलंय का, स्टेरॉइडचा कोर्स संपलाय का, गर्भारपणाचे पहिले महिने आहेत का, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींचा बिघाड किंवा सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजारही मागून येऊ शकतो.

"सकाळी जास्त आहे म्हणजे रात्री लो झाली असणार"

हे मला किमान दहा जणांनी सांगितलंय. मायकेल सोमोजी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली: रात्री लो होते, शरीर प्रतिकार करतं, म्हणून सकाळी साखर चढते. ऐकायला पटतं, पण सेन्सर आल्यावर रात्रभराचे आलेख पाहिले तेव्हा बहुतेकदा उलटंच दिसलं: रात्री लो झालेल्यांची सकाळची साखर कमीच असते. सकाळी चढलेली साखर बऱ्याचदा पहाटेच्या संप्रेरकांमुळे, उशिराच्या जड जेवणामुळे किंवा अपुऱ्या इन्सुलिनमुळे असते. किंवा माझ्यासारखं, लो सावरताना सत्तर ग्रॅम साखर खाल्ल्यामुळे. तीनला एकदा मोजल्याशिवाय यावरून डोस बदलू नका, ना वर ना खाली.

बदल करताना

एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कळत नाही. बेसलवर संशय पक्का असेल तर डॉक्टर साधारण १० ते २० टक्के कमी करतात. बेसलपैकी ग्लार्जिनचा परिणाम दिसायला तीनेक दिवस द्यावे लागतात, डेग्लुडेकला आणखी. पहिल्याच सकाळी १६० दिसले म्हणून डोस परत वाढवू नका. ५४ च्या खाली गेलेली किंवा दुसऱ्याच्या मदतीने सावरावी लागलेली लो मात्र वही पूर्ण व्हायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायची.

सेन्सर असेल तर अहवालात '७० च्या खाली' हा टक्का बघा. साधारणपणे तो ४ च्या आत हवा, म्हणजे दिवसात जेमतेम एक तास. वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसासाठी १ च्या आत.

लो कळेनाशी झाली असेल तर धीर सोडू नका. सतत लो होत राहिल्याने शरीर धोक्याची घंटा वाजवणंच सोडून देतं, पण दोन-तीन आठवडे लो कटाक्षाने टाळली की ती बरीचशी परत येऊ शकते. माझी आली. तोवर लक्ष्यच थोडं वर ठेवायचं, तेही डॉक्टरांशी बोलून. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर धडधड आणि थरथर दबू शकते, घाम मात्र येतो. त्यांनी घामावर भरवसा ठेवावा.

ग्लुकागॉन घरात आहे एवढ्याने भागत नाही. आमचं किट भुकटी आणि द्रव वेगळे असलेलं होतं. मुदत संपल्यावर ते टाकून देण्याआधी मी नवऱ्याला म्हटलं, मी बेशुद्ध आहे असं समज आणि हे तयार कर. तो चष्मा शोधत उठला, सूचना वाचल्या, द्रव कुपीत सोडायचं विसरून कोरडी भुकटीच हलवत बसला. सहा मिनिटं लागली. दुसऱ्यांदा दीड.